गळा अडकला, घेर वाढला, बाही उलटी लागली : लेकरांच्या शिवणाचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की लेकरांचे कपडे घरी शिवा आणि चुकलं तर काय चुकलं ते पण लिहून पाठवा, तर तुम्ही नागपूरभरातून खरंच भरभरून पाठवलंय. काही जणींनी तर फ्रॉकचे उलट्या बाजूचे पण फोटो पाठवले, ते फार कामी आले, कारण सुलट बाजूने चूक दिसतच नाही बरेचदा. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमत नाहीये म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. सगळे वाचून झाल्यावर एक गोष्ट सांगावीशी वाटते, बहुतेक जण दोष मशीनला नाहीतर स्वतःच्या हाताला देऊन राहिलेत आणि गडबड मात्र मशीनवर बसायच्या आधीच होऊन गेलेली आहे, माप घेताना, कापड घडी घालताना, नाहीतर कापड भिजवायचं राहून गेलं तेव्हा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. गळ्याचं माप नीट घेऊन, कागदावर काढून फ्रॉक शिवला, गळ्याला पट्टी पण छान बसली. घालायला गेले तर डोकंच आत जाईना. जोर लावला तर ती रडायला लागली, आता तो फ्रॉक दिसला की पळते. सासूबाई म्हणतात गळा मोठा काप. कापू का? (एक आई, त्रिमूर्तीनगर)

ताई, कात्री आधी खाली ठेवा. गळा मोठा केला तर डोकं जाईल पण फ्रॉक खांद्यावरून घसरेल, आणि मग ती दिवसभर एका हाताने खांदा वर ओढत बसेल.

झालं काय ते सांगते. तुम्ही माप मानेचं घेतलं आणि कपड्याला जायचं होतं डोक्यावरून. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे इतकं जाणवत नाही कारण आपले गळे मुळात खोल असतात, पण लहान लेकरांचं डोकं बाकी अंगाच्या मानाने मोठं असतं. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर १८ इंचांच्या आसपास असतो आणि चार-पाच वर्षांच्या लेकराचा २० इंच, म्हणजे तीन-चार वर्षांत डोकं जेमतेम दोन इंच वाढतं पण सुरुवातीपासूनच ते मानेच्या जवळजवळ दुप्पट असतं. म्हणून लेकराचा कपडा असला की छाती, उंची, खांदा याच्याबरोबर डोक्याचा घेर पण मापात लिहायचा, टेप कपाळावरून आणि मागच्या उंचवट्यावरून फिरवून.

आता तुमचा फ्रॉक. तुम्ही लिहिलंय गळा ५ इंच रुंद, पुढे ३ खोल, मागे १. असा गळा टेप उभा धरून मोजला तर सगळा मिळून साधारण १४ इंच भरतो. डोकं २०. सहा इंच कमी पडले, म्हणजे कितीही ओढलं तरी जाणार नव्हतंच, त्यात तिची काही चूक नाही. हे सहा इंच गळ्याच्या गोलातून काढायचे नाहीत, मागच्या बाजूला मधोमध उभी फट द्यायची. फटीची गंमत अशी की ती उघडली की तिच्या दोन्ही कडा मोकळ्या होतात, म्हणजे ४ इंचांची फट दिली की ८ इंच मिळतात. १४ आणि ८, २२ झाले, डोकं आरामात जाईल. मागच्या भागात मधली रेघ खडूने आखा, त्यावर फटीच्या मापाची कापडाची पट्टी सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून लावा, रेघेच्या दोन्ही बाजूने टीप मारत खाली अगदी टोकाशी एक आडवा टाका घ्या आणि मगच मधून कापा. टोकापर्यंत कापायचं, टीप नाही कापायची, मग पट्टी आत उलटवायची. टोकाला भीतभीत अर्धवट कापलं की तिथे कायम सुरकुती राहते. वर एक टिचबटण किंवा लूप आणि बटण. बटण असेल तर दोरा दुहेरी घेऊन चांगलं घट्ट लावा, तीन वर्षांच्या आतल्या बाळासाठी तर बटण टाळलेलंच बरं कारण निघालं की सरळ तोंडात जातं.

आणि पुढच्या वेळसाठी हे पण लक्षात ठेवा, गळ्याला आतून पट्टी लावून उलटवणार असाल तर पाव इंचावर टीप येते आणि गळा तेवढा सगळीकडून वाढतो, घेरात जवळजवळ दीड इंच. उरेब पट्टी (तिरप्या धाग्यावर कापलेली) कडेवर बसवून बांधून टाकणार असाल तर जसा कापला तसाच राहतो. काय करणार ते कापायच्या आधी ठरवा.

ती पळते म्हणून वाईट वाटून घेऊ नका. फट झाली की आधी तिच्या बाहुलीला घाला, मग तिला स्वतःला घालू द्या.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीचा अंब्रेला फ्रॉक. कंबर २१, एक इंच सैल धरून २२ केली, ६.२८ ने भागलं (गोलाचा घेर त्रिज्येच्या ६.२८ पट असतो म्हणून), साडेतीन आलं, तेवढ्याचा गोल कापला. वरच्या भागाला जोडायला गेले तर घेराची कंबर तीन इंच जास्त! गणित तर बरोबर होतं ना? (गोकुळपेठ)

गणित अगदी बरोबर होतं. साडेतीन इंच ही शिवायची रेघ होती आणि तुम्ही त्याच रेघेवर कात्री चालवली, अर्ध्या इंचाची माया, म्हणजे शिलाईसाठी सोडायचं कापड, धरलीच नाही. मग जोडताना टीप अर्धा इंच आत, म्हणजे गोलाच्या बाहेरच्या बाजूला पडली, साडेतीनचा गोल झाला चारचा, आणि ४ गुणिले ६.२८ केलं की येतात २५ च्या वर. हेच तुमचे तीन इंच.

सरळ कापडात अर्धा इंच चुकला तर अर्धाच इंच चुकतो, गोलात तो सहा पटीने अंगावर येतो. म्हणून अंब्रेला कापताना नेहमी आलेल्या आकड्यातून माया वजा करायची, साडेतीन आलं तर तीनवर कापायचं. अजून दोन जणींचा असाच प्रश्न आहे, त्यांनी कापडाची चौघडी घातली म्हणून आलेलं उत्तर परत चारने भागलं आणि कंबर इवलीशी निघाली. घडी कितीही असो, कोपऱ्यापासून मोजायचं अंतर तेच राहतं, परत भागायचं नाही. ज्यांची कंबर लहान निघाली त्यांचं काहीच बिघडलेलं नाही, थोडं थोडं कापून वाढवता येते, मोठी झाली की मात्र कापड परत येत नाही. त्यामुळे शंका असली की लहानच कापा.

आता हे तीन इंच बाजूच्या शिलाईत दाबू नका, तिथे दाबले की घेर त्या जागी तिरपा पडतो आणि बाकी सगळीकडे छान लाटा असताना बाजूला दोन ताठ खांब दिसतात. त्यापेक्षा पुढे मध्याच्या दोन्ही बाजूला दोन-दोन छोट्या प्लेट घाला, प्रत्येक प्लेट पाऊण इंचाची, चार प्लेटमध्ये तीन इंच बरोबर जातात आणि बघणाऱ्याला डिझाइन वाटतं.

दुसरं, आणि हे कोणी विचारलं नाही पण सहा फोटोंमध्ये दिसलं म्हणून सांगते. अंब्रेलाचं खालचं हेम, म्हणजे दुमडून टीप मारायची कड, लगेच मारू नका. गोल कापडात काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही आडव्यावर आणि मधले सगळे तिरप्यावर, म्हणजे उरेबवर. उरेबचा भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. फ्रॉक रात्रभर हँगरला टांगून ठेवा, सकाळी बघाल तर चार ठिकाणी लोंबलेला असतो. मग मुलीला स्टुलावर उभं करून जमिनीपासून पट्टीने सारखं मोजत खुणा करा, जास्तीचं कापा आणि बारीक, पाव इंचाचं हेम घ्या. रुंद हेम गोलाला बसत नाही, बाहेरची कड आतल्यापेक्षा मोठी असते ना, ती दुमडली की चुण्या पडणारच.

प्रश्न : गांधीबागेतून छान कॉटन आणलं, मुलाचा कुर्ता शिवला, पहिल्या धुण्यात उंचीला दीड इंच आटला. दुकानदाराने तर आटणार नाही असं सांगितलं होतं. (वर्धमाननगर)

दुकानदार काय म्हणतो ते ऐकायचं आणि घरी आल्यावर कापड भिजवायचंच. विणताना आणि नंतर फिनिशिंग करताना धागे ताणलेले असतात, पाणी लागलं की ते सैल होऊन आपल्या मूळ जागी येतात. उभा धागा जास्त ताणलेला असतो म्हणून उंचीला जास्त आटतं. शंभराला पाच जरी आटलं तरी २० इंच उंचीत एक इंच गेला, सैल विणीचं असेल तर आणखी.

रात्री साध्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, सकाळी न पिळता सावलीत वाळत घाला, किंचित ओलं असताना उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. नवीन कापडाला खळ असते ती पण निघून जाते आणि कापड खरं कसं आहे ते हाताला कळतं, कधीकधी जाड वाटलेलं कापड खळ गेल्यावर अगदी पातळ निघतं. अस्तर आणि उरेब पट्टीचं कापड पण भिजवायचं हे लोक विसरतात. वरचं भिजवलं आणि अस्तर तसंच लावलं की धुतल्यावर अस्तर आटतं आणि वरचा कपडा फुगतो. नायलॉनची लेस आटत नाही, तिच्यापायी कॉटनची कड चुरगळलेली दिसते ती याच कारणाने. गडद रंग असेल तर ओला पांढरा रुमाल दाबून बघा रंग सुटतो का, नुसत्या मिठाच्या पाण्यावर विसंबू नका, हल्लीचे सगळे रंग मिठाने पक्के होतातच असं नाही.

आटलेल्या कुर्त्याला खाली वेगळ्या रंगाची दोन इंच पट्टी जोडा, तशीच बाहीला पण, म्हणजे जोड वाटणार नाही.

प्रश्न : दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. कापड संपलं. (जरीपटका)

हे सगळ्यांचं होतं. कापड सुलट बाजू आतमध्ये येईल असं दुहेरी घालून दोन्ही बाह्या एकदमच कापल्या की होत नाही. एकेक कापायची वेळ आलीच तर दुसऱ्या वेळी कागद पालथा घाला. आणि कापल्या कापल्या उलट बाजूला खडूने खूण करा, पुढच्या बाजूला एक कट, मागच्या बाजूला दोन, कारण बाहीची पुढची गोलाई जास्त खोल असते आणि दोन्ही कडेने सारखंच दिसणारं कापड असेल तर नंतर ओळखू येत नाही. आता बाही नसलेला फ्रॉक करा, त्या दोन बाह्यांच्या कापडातून मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईची, उरेब पट्टी निघेल.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाचा शर्ट शिवला. हात वर केला की अख्खा शर्ट वर येतो, पोट उघडं पडतं. मला वाटलं बगलेत घट्ट आहे म्हणून मुंढा आणखी खाली कापला, तर जास्तच वर यायला लागला. काहून असं होत असेल? (महाल)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण तुम्ही दुरुस्ती केली, ती उलटी पडली आणि तेही लिहून पाठवलं. खूप शिवणाऱ्या बायकांनाही हे कळायला वेळ लागतो, कारण घट्ट वाटलं की मोकळं करायचं हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

एक करून बघा. शर्ट घालून मुलाला उभं करा, त्याच्या बगलेत आणि शर्टाच्या बगलेत किती अंतर आहे ते बोटांनी मोजा. हात खाली असताना ते अंतर काही त्रास देत नाही. आता त्याला फळीवरचा डबा काढायला लावा. हात वर गेला की बाहीला खालच्या बाजूने लांबी पाहिजे, ती तिथे नाही, मग ती शर्टाच्या अंगाला धरून वर खेचते. मुंढा जितका खाली तितकी बाहीची खालची शिलाई आखूड होते आणि ओढ वाढते. बगलेच्या जवळ बसलेला मुंढा जास्त मोकळा असतो, ऐकायला उलटं वाटेल पण असंच आहे. छातीचा चौथा भाग, म्हणजे २४ छातीला ६ इंच, इथून मुंढ्याची खोली धरून सुरुवात करा. तुमचा साडेसात झालाय. सैलपणा पाहिजे तर तो छातीच्या रुंदीत द्या, लेकरांच्या साध्या, न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला सगळा मिळून तीन-चार इंच, मुंढ्यात नाही.

शिवलेला शर्ट मात्र वाचतो. बगलेत चौकोनी कळी घाला, अडीच-तीन इंचाचा चौकोन, तिरपा ठेवून, एक टोक बाहीकडे, एक अंगाकडे, बाकीची दोन पुढे-मागे. जुन्या पद्धतीच्या कुर्त्याला अशीच कळी असायची आणि तो घालून माणसं शेतात कामं करायची, हाताला कुठे अडत नव्हतं. कोपऱ्यांवर टीप थांबवा, सुई कापडात ठेवून मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, वर करा, कापड वळवा आणि पुढे जा. पहिल्यांदा कच्चा धागा घालून बघा आणि परत तो डबा काढायला लावा.

माप घेताना आपण लेकराला हलू नको म्हणतो, बरोबर आहे, पण कच्चं शिवून झाल्यावर त्याला भरपूर हलू द्यायचं. खाली बसू दे, पळू दे, हात डोक्यावर नेऊ दे. चड्डी-पँट असेल तर उकिडवं बसवून बघा, मागचं आसन पुढच्यापेक्षा उंच लागतं ते तेव्हाच दिसतं, उभ्या लेकरावर नाही दिसत.

प्रश्न : मी बाबा आहे, लॉकडाउनपासून मशीन चालवतो. बाकी जमतं, पण मलमल घेतलं की टीप गोळा होते, खाली दोऱ्याचे गुच्छे होतात. दुरुस्तीवाला म्हणाला मशीन जुनी झाली, बदला. (हिंगणा रोड)

दादा, एवढ्यात बदलू नका. आधी सुई बदला. घरातल्या मशीनला बहुतेक वेळा १६ नंबरची सुई लागलेली असते, ती जाड कापडाची, जीन्सची. मलमलला ९ किंवा ११ पाहिजे, पॉपलिनला १४ चालते. जाड सुई मलमलचे धागे बाजूला ढकलत जाते म्हणून टीप गोळा होते. टाके पण बघा, पातळ कापडाला इंचात दहा-बारा टाके बरे.

खाली गुच्छे येतात तेव्हा सगळे बॉबिन केसचा स्क्रू फिरवत बसतात आणि दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. फूट वर करून दोरा पूर्ण काढा आणि परत ओवा. फूट खाली असताना ओवला की टेन्शनच्या चकत्या दाबलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, वरून तरंगतो, आणि ढिला दोरा खाली जाऊन गुच्छा करतो. सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा. बॉबिनच्या घरातला कापडाचा भुसा ब्रशने काढा, एक-एक थेंब तेल, आणि तेलानंतर चिंधीवर थोडा वेळ चालवा नाहीतर डाग लेकराच्या कपड्यावर येतो. मलमल तरीही दात्यांमध्ये ओढलं जात असेल तर खाली पातळ साधा कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा, वर्तमानपत्र नको, शाई लागते.

होजिअरीवर टाके सुटतात असंही लिहिलंय तुम्ही, त्याला गोल टोकाची बॉलपॉइंट सुई वेगळी मिळते. साधी सुई विणीचे फासे तोडते आणि तिथे भोकं पडतात.

प्रश्न : एवढ्या हौसेने नेटचा फ्रॉक शिवला, पाच मिनिटात काढून फेकला. टोचतं म्हणते. मला तर कुठे काही टोचताना दिसत नाही. (मनीषनगर)

तिला टोचतं म्हणजे टोचतंच. फ्रॉक उलटा करा आणि सगळ्या शिलाया तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर हळू फिरवा, मानेवर फिरवा. कंबरेच्या जोडात नेटची कापलेली कड असेल, तिथे कॅनकॅनचा ताठ थर असेल, चेनचं वरचं टोक असेल, नायलॉनच्या दोऱ्याचं कापलेलं टोक असेल जे डोळ्याला दिसत पण नाही. जरीच्या पॅचची मागची बाजू तर हमखास.

कंबरेच्या जोडावर मऊ कॉटनची पट्टी बसवा, आत पूर्ण मलमलचं अस्तर, आणि नेट अस्तराच्या बाहेर राहील असं जोडा, अंगाला कुठेच लागायला नको. पुढच्या वेळी पातळ कापड घेतलं की फ्रेंच सीम शिका, सोपी आहे, आधी उलट बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर टीप, मग ती माया निम्मी कापायची, कपडा पलटवून सुलट बाजू आत घेऊन परत पाव इंचावर टीप, कापलेली कड आत बंद होऊन जाते. बाळाच्या झबल्याला तर याच्याशिवाय दुसरी शिलाई घालूच नये असं माझं मत आहे. आपल्या आज्या झबल्यासाठी नवं कापड न घेता धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर नाहीतर लुगडं घ्यायच्या ते काही फक्त काटकसर म्हणून नव्हतं.

आणि थोडं मनातलं बोलते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आजूबाजूला सगळा कापूस पिकतो, याच नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली होती, आणि आपण वाढदिवसाला लेकरांना नायलॉनच्या नेटमध्ये गुंडाळतो. घाम टिपला जात नाही, मग घामोळ्या येतात. दिवाळीत तर हे कापड अजिबात नको, नायलॉन-पॉलिस्टर आगीने वितळून कातडीला चिकटतं. कॉटन पेट घेत नाही असं नाही, म्हणून फुलबाजी उडवताना घेराचा फ्रॉकच नको, अंगाला बेताचे सुती कपडे घाला. टू बाय टू, कॅम्ब्रिक, मलमल, यांच्यावर बारीक टक (दुमडून शिवलेल्या पट्ट्या) घालून, स्मॉकिंग (चुण्यांवरचं भरतकाम) करून जो फ्रॉक होतो तो फोटोत नेटपेक्षा कमी दिसत नाही.

प्रश्न : माझी करवतकाठी (करवतीच्या दात्यांसारख्या काठाची, टसर रेशमाची) साडी आहे, लग्नातली. नातीला परकर-पोलकं करायचं मनात आहे. पण कापायला हात धजत नाही, बिघडलं तर? (एक आजी, रामदासपेठ)

काकू, आधी साडी उजेडासमोर धरा. टसर जुनं झालं की घडीच्या रेघांवर विरतं. जिथे विरळ दिसतं तिथे खडू न लावता रंगीत धाग्याने मोठे टाके घालून खूण करा आणि तेवढा भाग सोडून मांडणी करा. रेशमावर सुईची भोकं राहतात, उसवून परत शिवता येत नाही, म्हणून पोलकं आधी जुन्या सुती कापडात पूर्ण शिवा, नातीला घालून बघा, जे काही ओढायचं-सोडायचं ते त्याच्यावर करा. मग तेच उसवून कागदासारखं साडीवर ठेवायचं. तुमची सगळी भीती त्या सुती पोलक्यात जाऊ द्या, चुका तिथेच करून घ्या.

परकराला साडीचा काठच खाली येऊ द्या, घेर साडीच्या लांबीतून आणि उंची काठापासून आत मोजायची. नातीचं वय लिहिलेलं नाही पण शाळेच्या वयात पोरं वर्षाला दोनएक इंच वाढतात, त्यामुळे काठाच्या वर आडवे दोन टक घाला, एक इंच खोल टक म्हणजे दोन इंच उंची आत राहते. पुढच्या वर्षी एक उघडा, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. टकाचा दोरा मऊ घ्या आणि टाके मोठे ठेवा. कंबरेला नाडी घालू नका, परकर सुती बिनबाह्यांच्या बॉडीला जोडा, सगळा भार खांद्यावर येतो आणि जुन्या रेशमाला ताण बसत नाही. आतून सुती अस्तर. घरी धुवायचा नाही, घातल्यावर सावलीत वारा लागू द्यायचा.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला (लेकरांचा लाकडी बैलांचा पोळा) तीन वर्षांच्या मुलाला धोतर-अंगरखा शिवायचा आहे. मागच्या वर्षी रेडिमेड धोतर लाकडी बैल ओढता ओढता पायात आलं आणि पडला. (नंदनवन)

धोतर म्हणून सैल पायजमाच शिवा आणि पुढे निऱ्या वेगळ्या जोडा. उंची घोट्याच्या दोन बोटं वर, जमिनीला टेकायला नको, बैल ओढताना लेकरं मागे बघत उलटी चालतात. कंबर २० असेल तर पाऊण इंच रुंदीचं इलॅस्टिक साडेअठरा घ्या, टोकं अर्धा इंच एकमेकांवर ठेवून चौकोनी टीप मारा. इलॅस्टिक असलं की शू लागली तर पटकन खाली करता येतं, गर्दीत हे फार महत्त्वाचं. निऱ्या पाच-सहा पुरे, वर कंबरेत धरून खाली तीन इंचांपर्यंत शिवून टाका, त्याखाली मोकळ्या सोडा, खालची टोकं पण आतून दोन-दोन टाके घालून एकमेकांना धरून ठेवा म्हणजे पाय अडकणार नाही.

अंगरख्याला गळ्याशी बांधायच्या नाड्या नकोत. सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यात गळ्यापाशी नाड्या-दोऱ्या ठेवायला युरोपातल्या नियमांनी मनाई आहे, कारण त्या कुठेतरी अडकतात आणि फास बसतो. दिसायला नाडी हवीच असेल तर छोटं फुंदं करून छातीवर शिवून टाका आणि आतून टिचबटण लावा. सेफ्टी पिन एकही नको, उपरणं सुद्धा खांद्यावर टाक्यांनी पक्कं करा. फेटा आधी बांधून टोपीवर शिवून ठेवा, टोपीचा घेर डोक्याच्या मापाला अर्धा इंच सैल. कापड आजच भिजत घाला, पाऊस असला तर वाळायला दोन दिवस लागतील.